आपोला कागद कापता येत नाही

१२ जानेवारी, सोमवार

कलादालनाच्या हॅरिएटचा फोन. मार्चमध्ये अख्खं मोठं दालन मला! वीस वर्षांचं काम, एकटीचं. ऑस्ट्रेलियातल्या या आपल्या डार्विनमध्ये, आपल्या माणसांसमोर. नावही तिने ठरवून टाकलंय — ‘आजीची कात्री’. मी म्हटलं, छान आहे. फोन ठेवला. नाव साफ खोटं आहे.

कारणं दोन. एक, मी कात्री वापरतच नाही. ऑपरेशनला लागतं तसलं बारीक पातं वापरते. दोन, आपोने, म्हणजे माझ्या सख्ख्या आजीने, उभ्या जन्मात शोभेसाठी कागद कापलेला नाही. इथे येण्याआधी तिमोर बेटावर तिचं दुकान होतं. रॉकेल, सुकी मासळी, कापडाचे तागे. कागद लागला तो पुड्या बांधायला.

१३ जानेवारी, मंगळवार

कुठून सुरू झालं ते एकदा लिहून टाकते. अकरा वर्षांपूर्वी रेडिओवर मुलाखत होती. तो माणूस म्हणाला, ‘‘हे हात आजीकडून आले असतील, नाही का?’’ समोर ‘प्रसारण चालू’चा लाल दिवा लागलेला. मी म्हटलं, ‘‘हं.’’

एवढंच! दुसऱ्या दिवशी पेपरात आलं — आजीच्या मांडीवर बसून शिकली. पुढच्या वर्षी माहितीपत्रकात मांडीच्या जोडीला तेलाचा दिवा आला. मग आजीच्या आईचाही उल्लेख व्हायला लागला. मी कुठलंच खोडून काढलं नाही.

खरं तर मी शिकले ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून. त्याची चाळिसाव्या पानापुढची पानं वाळवीने खाल्ली होती. पक्षी त्या पानांवर होते, म्हणून मला बरीच वर्षं पक्षी जमत नव्हते. एका समीक्षकाने लिहिलं होतं की माझ्या कामातली पक्ष्यांची अनुपस्थिती फार बोलकी आहे.

पण पुस्तक कुणालाच नको असतं. मी, म्हणजे ओलिंडा जोंग नावाच्या चिनी बाईने, लाल कागद कापला की लोकांना आजीच हवी असते.

१९ जानेवारी, सोमवार

हॅरिएटला आपोची कात्री हवी. काचेच्या पेटीत ठेवायला.

आपोकडे गेले. आत्या स्वयंपाकघरात. घरात कात्री एकच, काळ्या मुठीची, आणि तिने आत्या कोंबडी कापत होती. मी मागितली. का ते सांगितलं नाही. आत्या म्हणाली, ‘‘आणि कोंबडी मी दातांनी फाडू?’’ नवी आणून दिली तेव्हा जुनी सुटली. तीनदा साबणाने धुतली तरी आल्याचा वास आहेच.

आपो टीव्ही बघत होती. ती त्र्याण्णव वर्षांची आहे. तिला वाटतं मी कुठल्यातरी ऑफिसात जाते. कात्री नेताना तिने पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

२७ जानेवारी, मंगळवार

कात्री दिली की संपलं असं वाटलं होतं. हॅरिएट आमच्या समाजाच्या सभागृहात जाऊन जुन्या बायकांशी बोलून आली, रेकॉर्डिंग करून. आमच्या हक्का चिनी लोकांत या सातजणी सगळ्यांत जुन्या. सगळ्या तिमोरच्या, सगळ्या आपोच्या गिऱ्हाईक. त्यांना ठाऊक नाही असं काही नाही.

सातही जणींनी साक्ष दिली! एकीच्या म्हणण्याप्रमाणे आपोच्या दुकानापुढे खिडकीवर चिकटवायची कागदी फुलं न्यायला रांग लागायची. त्यांतल्या लायमावशींनी तर कमाल केली. त्यांच्या लग्नात दारादारांवर लावलेलं जोड-सुखाचं लाल चिनी अक्षर म्हणे आपोनेच कापलं होतं. हॅरिएट फोनवर सांगताना हुंदका द्यायची बाकी होती.

३१ जानेवारी, शनिवार

बाजारात लायमावशी भेटल्या. लाक्सा, नारळाच्या दुधातल्या शेवयांचं सूप, खात होत्या. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, लग्नात आपोने नक्की काय दिलं होतं.

‘‘रॉकेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन डबे.’’

‘‘मग असं का सांगितलंत?’’

त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘तू रेडिओवर सांगून बसलीस. आता आम्ही तुला खोटं पाडायचं? बाहेरच्यांसमोर? जोंगांच्या पोरीला?’’

मग त्यांनी आणखी मिरची मागवली आणि माझं वजन कमी झालंय म्हणाल्या.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षं! मी समजत होते की हे खोटं मी एकटी सांभाळतेय. अख्खा समाज ते माझ्यासाठी वाहत होता आणि नवीन वर्षाच्या जेवणात माझ्या ताटात मासा वाढत होता. मला लाज वाटली. टेबलाखाली जावंसं वाटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हॅरिएटची नवी कल्पना. उद्‌घाटनाला आपो स्टेजवर बसेल आणि लोकांसमोर एक कागद कापेल. ‘‘लहानसाच.’’

मी म्हटलं, आपोचं वय झालंय, तब्येत बरी नसते. हॅरिएट म्हणाली की तिने घरी फोन केला होता. आत्याने सांगितलं, धडधाकट आहे. मग आपोलाच फोन दिला. आपोला इंग्रजी शब्द येतो एकच, ‘येस’. तो तिने चार वेळा वापरला.

एक मार्च, रविवार, सकाळी अकरा. आमंत्रणं दोनशे.

मी पकडली गेले तर गेले. पण कात्री हातात धरून दोनशे लोकांसमोर बसणार आहे ती आपो. कशासाठी बसलेय हे न कळता. फजिती तिची होणार. मी ‘हं’ म्हटलं त्याची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आपोला सांगायला गेले. भात खाऊन परत आले.

८ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा गेले. पुन्हा भात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हॅरिएटला प्रदर्शन रद्द करा म्हणून पत्र लिहिलं. फाडलं. भित्री आहे मी, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

आपो मागच्या व्हरांड्यात कोळंबी सोलत बसली होती. मीही बसले, सोलायला लागले आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. रेडिओ, मांडी, तेलाचा दिवा, काचेच्या पेटीतली कोंबडीची कात्री. ती हात न थांबवता ऐकत होती.

‘‘अकरा वर्षं?’’

‘‘हो.’’

‘‘मी मेले असं तर नाही ना सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ठीक.’’

मला रडू आलं. ती म्हणाली, कोळंबीत पडेल, बाजूला हो. मग विचारलं, कार्यक्रम कधी. बोटांवर मोजलं. आजचा धरून, आमच्या चिनी नव्या वर्षाचा दिवस सोडून, पंधरा दिवस.

‘‘हात धुऊन ये,’’ आपो म्हणाली. ‘‘आणि शिकव.’’

१४ फेब्रुवारी, शनिवार

जोड-सुखाचं अक्षर घेतलंय. त्याहून सोपं काही नाही. कागदाची दोनदा घडी, पाचसहा काप, उघडलं की झालं. एकच गोष्ट सांभाळायची: घडीची बाजू कापून टाकायची नाही. तिथेच दोन्ही भाग एकमेकांना धरून असतात.

आपोने पहिल्याच कागदाची घडी कापली. उघडला, दोन तुकडे. दुसरा, दोन तुकडे. तिसऱ्याला मी ओरडले, ‘‘घडीकडून नाही!’’

तिने चष्म्यावरून पाहिलं. ‘‘दुकानात मी नोकरांवरसुद्धा असं ओरडत नव्हते.’’

मी माफी मागितली. चौथ्याला पुन्हा ओरडले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. नवीन वर्ष

आज कात्री बंद. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी काही कापलं तर वर्षाचं नशीब कापलं जातं. आपोने नवी कात्री आणि माझी पाती बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटावर ठेवली. सगळे पाया पडून गेल्यावर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, घड्या तर घालू शकतो ना? दिवसभर घड्या घातल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

नऊ केले, सात सुटले, दोन धरले. धरलेले दोन्ही फ्रिजवर चिकटवलेत. आत्या म्हणते, एवढ्या वयात शाळा आणि तीही माझ्या ओट्यावर.

आपोची नजर अजून पक्की आहे. कापड डोळ्यांनी मोजून द्यायची, तशी घडी बरोबर मध्यावर येते. हातच थरथरतो. मी तिच्या मनगटाखाली उशी देते. आज ती म्हणाली, मापात चूक झालेल्या गिऱ्हाइकांची नावं अजून आठवतात, आणि दोन तास सांगत बसली. चव्वेचाळीस वर्षांत मी तिच्याशेजारी इतका वेळ कधी बसलेली नाही. काय करत होते मी? आजीवर मुलाखती देत होते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज पाचपैकी चार धरले! उद्या होईल असं वाटतंय. म्हणजे खोटं नीट पार पडेल. याचा आनंद मानावा का, कळत नाही. पण मानला.

१ मार्च, रविवार

झालं. जसं झालं तसं लिहिते.

हॉल भरलेला. पुढच्या दोन रांगा आपल्या माणसांच्या, लायमावशी अगदी मध्ये. बाकी सगळे बाहेरचे. आपो निळ्या रेशमी ब्लाउजमध्ये टेबलाशी बसली. मी शेजारी माइक घेऊन उभी, कारण ती हक्का भाषेत बोलणार आणि मी इंग्रजीत सांगणार.

तिने घडी घातली. अगदी मध्यावर. कापायला लागली. शेवटचा काप देताना तिचा हात घसरला. मला कळलं. तिलाही कळलं. तिने कागद उघडला आणि दोन तुकडे टेबलावर पडले.

आपोने ते बघितले. मग लोकांकडे बघून स्वच्छ आवाजात हक्कात म्हणाली, ‘‘हे मी पंधरा दिवसांपूर्वी शिकले. त्याआधी मी रॉकेल विकायचे. मला हिने शिकवलं. हिला कुणी शिकवलं नाही, ती आपली आपण शिकली. शिकवताना ओरडते.’’

आणि माझ्याकडे पाहिलं. आता सांग.

पुढच्या दोन रांगांना सगळं कळलं होतं. त्यातलं कुणी तोंड उघडणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत. हॅरिएट हात जोडून वाट बघत होती. मी काहीही सांगू शकले असते. कागद दमट आहे म्हणाले असते तरी चाललं असतं, डार्विनच्या हवेत कुणाला संशय आला नसता.

मी सांगितलं. शब्दन्‌शब्द. रॉकेल, पंधरा दिवस, ओरडते, सगळं. पुस्तक आणि वाळवीही सांगितली.

मग लायमावशी उठल्या आणि मोडक्या इंग्रजीत हॉलकडे वळून म्हणाल्या, ‘‘जुनी माणसं अशीच. स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत.’’ सातही माना हलल्या. टाळ्या! अख्खा हॉल उभा राहिला. हॅरिएटच्या डोळ्यांतून पाणी. मी माइकमध्ये म्हटलं, नाही हो, खरंच. त्यावर लोक प्रेमाने हसले आणि टाळ्या आणखी वाढल्या.

आपोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, त्यांना पटलं नाही. ती म्हणाली, ‘‘आपण सांगायचं काम केलं,’’ आणि खायला काय आहे ते विचारलं.

२ मार्च, सोमवार

पेपरात फोटो. ‘विनम्र गुरू आणि तिची नात.’ हॅरिएटकडे गेले, म्हटलं भिंतीवरचा मजकूर बदल. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, तुमच्या संस्कृतीतला हा विनय तिला फार शिकवून गेला. दोन तुकडे चौकटीत घालून कात्रीशेजारी लावलेत.

मी हरले. माझं खरं आता कुणी ऐकणार नाही. अकरा वर्षं मी कुणाला ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करू.

४ मार्च, बुधवार

सकाळी दार वाजलं. आपो, आत्याने गाडीतून आणलेली, हातात चहाचा झाकणाचा कप. मी उठले तर म्हणाली, ‘‘बस.’’ मी खुर्चीत बसले. तिने दोन्ही हातांनी कप माझ्यापुढे धरला आणि मान खाली घातली. आमच्याकडे असा चहा नातीने आजीला द्यायचा असतो. नाहीतर शिष्याने गुरूला.

‘‘शिकायच्या आधी द्यायचा असतो,’’ आपो म्हणाली. ‘‘घाईत राहून गेला.’’

मी दोन्ही हातांनी घेतला. प्यायले.