मेथी बसून उपटतात

बाबा, आज देऊळघाटच्या आपल्या वावरात गेलो होतो. मेथी चांगली उतरली आहे, पण "पाह्य बे, कशी आली!" म्हणणारं कोणी नव्हतं. तुमची भलती आठवण आली.

तुम्ही एकदाच माझं काम पाहायला कोर्टात आलात. सकाळी बुलढाण्याच्या बाजारात भाजी विकली, धुतलेला सदरा चढवला आणि मागच्या बाकावर येऊन बसलात. मी तेव्हा विमा कंपनीचा वकील. साक्षीला उभी होती अपघाताची भरपाई मागणारी एक बाई, आपल्यासारखीच भाजी पिकवणारी. ट्रकनं उडवल्यापासून तिचा गुडघा वाकत नव्हता. तिच्या वकिलानं हे मांडलंच नव्हतं, मी मात्र तिला व्हरांड्यात पाय ताठ ठेवून बसलेलं पाहिलं होतं. मी विचारलं, "बाई, उभं राहता येते?" "हाव." "चालता येते?" "येते हळूहळू." बस्स! पुढे मी काही विचारलंच नाही. शाबासकीच्या आशेनं तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही टोपी झटकत होतात.

तुम्ही माझ्या मोटरसायकलवर मागे बसलात. घरी जाऊ न देता मला वावराशीच थांबवलंत. मी काळ्या कोटात, आणि तुम्ही म्हणता, "बस. उपट मेथी." उकिडवा बसलो. दोन जुड्या होईस्तोवर माझे गुडघे बोंबलायला लागले. तेव्हा बोललात, "भाजीवालीले इचारतं, उभं राहता येते का! खाली बसता येते का, हे काऊन नाही इचारलं बे?" मी चिडलोच. "ते तिच्या वकिलाचं काम होतं, माह्यं नाही." तुम्ही जुड्या उचलल्या. "तिचा वकील झोपला होता. माहा पोरगा तं जागा होता."

त्या बाईच्या हाती फारसं काही लागलं नाही. मीही कंपनीचं काम लगेच सोडलं नाही, तुम्ही गेल्यावर सोडलं. आता जखमी माणसांच्या बाजूनं उभा राहतो. बायको म्हणते, चांगलं चाललेलं सोडून हे काय डोक्यात घेतलं! माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खाली बसता येते का?" काल कोर्टात बीबी गावाकडची एक बाई म्हणाली, "साहेब, हे आजवर कोणी इचारलंच नाही." मी वेड्यासारखा मागच्या बाकाकडे पाहत राहिलो. तुम्ही तिथं असायला पाहिजे होतं, बाबा.

एक मात्र सांगायचं राहिलं. ती भाजीवाली अजून बाजारात दिसते, पालथ्या टोपल्यावर पाय लांब करून, दुसऱ्याच्या वावरातली मेथी विकत. मी त्या रांगेतून जात नाही. हे सारं खरं तं तिलेच सांगाले पाहिजे. तुम्ही उलटून काही इचारणार नाही, म्हणून तुमाले लिहून राह्यलो.