दक्षिण कोपऱ्याचे ढेकूळ

हॅम्प्टन, न्यू हॅम्पशायर
२८ मार्च १७३७

ती. हल्डाताई यांस,
धाकट्या एनॉसचा सा. न. वि. वि. (गुडघे धरल्यामुळे अष्टांगांपैकी सहाच अंगे हजर आहेत, गोड मानून घ्यावे.)

प्रथम गाऱ्हाणे. आपण धाडलेल्या लोकरी मोज्यांपैकी डावा उजव्याहून चांगला चार बोटे लांब आहे. पाद्री होण्यासाठी घोकलेले सारे लॅटिन पालथे घातले, तरी हा अपराध क्षम्य ठरवणारे एकही वचन सापडले नाही. डॉर्कस म्हणते, जो पाय हलवीत नाही त्याला मोजा कसाही चालतो. तुमच्या भावजयीची जीभ शाबूत आहे. जेवण मात्र अजून चिमणीएवढेच.

बातमी अशी, की शेजारच्या रूबेन थ्रॉलशी जमिनीची अदलाबदल झाली. वरची टेकडी त्याला, त्याचे खाडीकाठचे कुरण मला. चाऱ्यावाचून दोन गाई गेल्या. उरलेल्या आता खारे गवत खाऊन तरतील. टेकडीवरचा मुलांचा कोपरा मात्र बोलण्यांतच वगळला. घशाच्या साथीत तीन मुले गेली तेव्हा भीतीने दफनभूमीपर्यंत गाडा ओढायला कोणी येईना, म्हणून त्यांना तिथेच पुरले आणि उशाशी शेतातलाच एकेक धोंडा लावला. तेवढी जागा माझी राहील म्हटल्यावर रूबेनने लगेच मान डोलावली.

मग रीतीप्रमाणे, जमीन सोपवल्याची खूण म्हणून, एकमेकांच्या हाती आपापल्या जमिनीचे ढेकूळ आणि डहाळी दिली. टेकडी अजून बर्फाखाली. फावडे मारावे तर घंटेसारखे वाजे. साक्षीला आलेला रूबेनचा म्हातारा बाप काकडत ओरडला, की शिकलेला माणूस जमीन खणतोय का तिची परीक्षा घेतोय! अखेर दक्षिण अंगाला माती भुसभुशीत लागली, तिथले ढेकूळ दिले. केझी, आता आमची एकुलती, विचारीत होती, की एवढीशी माती घेऊन रूबेनकाका काय पेरणार.

आहे तशी माया राहू द्यावी.
आपला
एनॉस


न्यूबरी
९ एप्रिल १७३७

चि. एनॉस यास,
हल्डाचे अनेक आशीर्वाद.

मोजे सरळच आहेत. लहानपणापासून वाकडं चालणाऱ्याने पायाला विचारावं.

पण पुढचं वाचून माझ्या हातातलं काम गळलं. सगळी टेकडी दगडासारखी गोठलेली, आणि एकाच जागी माती भुसभुशीत कशी, हा प्रश्न पडला नाही का रे तुला? एकदा खणलेली माती पुन्हा तशी घट्ट बसत नाही. मुलं दक्षिण कोपऱ्यातच आहेत ना? बर्फात धोंडे दिसले नसतील, पण तू बाप आहेस.

आपल्याकडे जिथलं ढेकूळ दिलं ती जागा दिली, असंच धरतात. रूबेन भला आहे, पण साधा. हे वाचताच ऊठ, त्याच्याशी बोल आणि कोपऱ्याला कुंपण घाल. डॉर्कसला एवढ्यात काही सांगू नकोस. केझीला माझे दोन मुके.

रागावलेली, तरी माया न आटलेली
ताई


हॅम्प्टन
२ मे १७३७

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

वाटेवर चिखल इतका, की आपले पत्र काल हाती आले. वाचून तसाच टेकडीवर गेलो. रूबेनचे बैल उभे होते. नांगर धरण्याआधी रान साफ करतात तसे त्याने सगळे धोंडे उचलून बांधाच्या भिंतीत रचले होते. दक्षिण कोपराही नांगरून झाला होता.

मी विचारले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, एनॉसभाऊ, तू कोपरा ठेवला होतास खरा, पण ढेकूळ तिथलंच हातात दिलंस. मला वाटलं तुझं मन फिरलं, पोरांना तू खाली दफनभूमीत नेणार. बापाला असलं कसं विचारायचं, म्हणून गप्प राहिलो. तो कोपरा आता परत देतो म्हणतो. त्याचा म्हातारा भिंतीपाशी बसून एकेक धोंड्यावर हात ठेवी आणि विचारी, हा का रे, हा का? शेतातला धोंडा शेतातल्या धोंड्यासारखाच दिसतो, ताई.

डॉर्कसपासून लपवणे जमले नाही. ती वर आली, उकरलेल्या मातीकडे पाहत राहिली आणि एवढेच विचारले, की आपला सॅम्युएल कुठल्या अंगाला. मी बोट दाखवले. ते खरे होते असे म्हणवत नाही.

परवापासून केझीला घोट गिळवत नाही. आज चमच्याने जीभ दाबून पाहिले; घशात त्या तिघांसारखेच पांढरे धरले आहे. डॉर्कस सकाळपासून एकच म्हणते, की हिलाही तिच्या भावंडांजवळच ठेवायचं. केझी जाईल याची भीती वाटतेच. पण त्याहून वाईट भीती अशी, की तिच्यासाठी तिथे खणू लागलो, तर माझे फावडे कुणाला लागेल ते मला माहीत नाही.

एनॉस