उजव्या बाजूने

३ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

शाळेतली कारकुनी संपल्यावर घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं, म्हणून इथल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊ लागले हे तुला कळवलंच होतं. गेल्या आठवड्यात तिथला कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढून फाटकाबाहेरच्या फलकावर लावायचा, तो बघून लोक कुत्रं घरी नेतात. निदान न्यावं अशी आशा. सोबत सहा फोटो पाठवले आहेत. हसू नकोस. काळी कुत्री शाई सांडल्यासारखी दिसते, पांढऱ्याचं तोंड उन्हात उडून गेलंय आणि सगळ्यांमागे जाळी. कैदी वाटतात बिचारे.

सहावा फोटो हवालदाराचा. फाटकाशी ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतो, म्हणून हे नाव. कुणाच्या तरी मारात त्याचा डावा डोळा गेला, त्यावर पांढरी साय धरली आहे. दीड वर्षात त्याला कोणी विचारलेलं नाही.

चाळीस वर्षं स्टुडिओत माणसांना देखणं करतोयस, आता जरा कुत्र्यांकडे बघ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. मी हसलो नाही, तुझी वहिनी हसली. अगं, भर दुपारी कोणी फोटो काढतं का? सकाळी लवकर काढ, नाहीतर शेडच्या सावलीच्या कडेला बसव. काळ्या कुत्रीला उजेडाकडे तोंड करून बसव. उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्रं म्हणजे नुसतं टाळकं आणि पाठ. गुडघे टेक, लागलंच तर पोटावर झोप, या वयात तुला कोण बघतंय! त्याला जाळीपासून दहा पावलं पुढे आण, म्हणजे जाळी विरघळून जाईल. खिशात कागद ठेव आणि ऐन वेळी चुरगाळ. कान टवकारले की बटण दाब.

हवालदाराला मात्र उजवीकडूनच घे. डोळा गेलाय हे फोटोला कळायची गरज नाही. एकदा घरात शिरला की लळा लागतोच.

इकडे सगळं ठीक, तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा दुखतो. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या हाताला यश आहे. काळी कुत्री एका शिंपीणबाईंनी नेली. पांढऱ्यासाठी तर दोन घरांत भांडण लागायचं बाकी होतं. माझे गुडघे सोलवटलेत, पण त्याचं काही नाही.

आणि हवालदार गेला! एक मास्तर, त्यांची बायको आणि चार वर्षांची मुलगी आली होती. तुला म्हणून सांगते, कपाळावरचे केस मी त्याच्या डोळ्यावर विंचरले होते. ते आले तेव्हा पट्टा धरून मीच उभी होते, त्याची उजवी बाजू त्यांच्याकडे करून. डोळ्याचं सांगायचं राहून गेलं असं मी नंतर निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. राहून गेलं नव्हतं.

जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. बरं वाटलं. लोभ वाढता ठेव.

धाकटी

८ फेब्रुवारी

दादा,

हवालदार परत आला. मुलगी डाव्या बाजूने आली आणि त्याच्या गळ्यात पडली. त्याला दिसलंच नाही, तो दचकला आणि त्याने तिच्या हाताला चावा घेतला. दोन टाके पडले. मास्तरांनी पट्टा माझ्या हातात दिला. त्यांच्या बायकोने मला विचारलं की फसवून गळ्यात मारताना लाज कशी वाटली नाही.

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय. लग्नानंतर अकराव्या दिवशी माझ्या सासूबाईंनी म्हटलं होतं. माझा भाजलेला गाल तू फोटोत सावलीत घातलास, केस पुढे घेतलेस. मुलगा परगावी नोकरीला, त्याला रजा नव्हती, सगळं फोटोवर ठरलं. तू तेव्हाही म्हणाला होतास, एकदा घरात गेली की लळा लागतोच. बत्तीस वर्षं मी या विषयावर तोंड उघडलं नाही. आणि परवा कंगवा माझ्याच हातात होता.

धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

दहा दिवस पत्र लिहीत होतो आणि फाडत होतो. आई रोज डोळ्यांत पाणी आणायची, दोन ठिकाणांहून नकार आलेले, मी काय करायला हवं होतं? तुझं भलं व्हावं, एवढंच मनात होतं. तुला परत पाठवतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. तुझा तो फोटो अजून स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण? माझ्या हातून त्याहून चांगला फोटो पुन्हा निघाला नाही, हे खरं सांगतो.

म्हणशील तर मी तिकडे येतो, हवालदाराचा फोटो स्वतः काढतो. रागावलीस तरी तोडू नकोस.

दादा

१४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येऊ नकोस. हवालदाराचा फोटो मीच पुन्हा काढला, समोरून, केस मागे सारून. खाली लिहिलं की डावा डोळा आंधळा आहे, उजवीकडून हाक मारा. फोटो चांगला आला. उजेड तू सांगितलास तसाच होता.

पण तोवर निवाऱ्याच्या वहीत त्याच्या नावापुढे चावरा असा शेरा पडला होता. तो वाचला की माणसं पुढच्या पिंजऱ्याकडे जात. मी त्याला माझ्या खोलीवर आणायला निघाले होते, पण घरमालकीणबाईंनी चावरं कुत्रं चालणार नाही म्हणून साफ सांगितलं. मी दुसरी खोली शोधत राहिले. चावऱ्या कुत्र्याला दोनच महिने ठेवतात, तोवर कोणी नेलं नाही तर कायमचं झोपवतात, असा इथला नियम आहे. खोली मिळाली नाही. परवा सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला सुई दिली. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवटपर्यंत तो फाटकाकडेच बघत होता.

काचेतला फोटो काढ किंवा राहू दे, दुकान तुझं आहे. मला विचारू नकोस.

वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. फोटोंबद्दल आता काही लिहू नकोस. लोभ आहे की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

धाकटी