पाचवं गाडगं

प्रिय जमना,

'प्रिय' हे तुझ्या लेकीनं घातलं. मला लिहिता येत असतं तर मी नुसतं 'अगं ए सूनबाई' म्हणून सुरुवात केली असती. मी सांगते, गोमती लिहिते.

आजच पत्र का? कारण काल समाजाच्या सभेत माझी वाचा बसली, ती अजून धड परतलेली नाही. माझी वाचा! तुझा विश्वास बसायचा नाही.

सभा शहाद्याला होती. संकटात धीर न सोडणाऱ्या लेकरांना समाजातर्फे पितळी तांब्या द्यायचं ठरलं होतं. मास्तरांनी गोमतीचं नाव कळवलं. मला वाटलं, आईबाप नसताना पोर शाळा शिकते, त्याचं कौतुक असेल. मी नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले.

मग मास्तरांनी आपल्या गावच्या जागल्याला उभं केलं. प्लेगात सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहिलं, तेव्हा हा एकटा वेशीवर पहाऱ्याला होता. तो म्हणाला, "ही पोर रोज मायले पानी ली जाये. मन्हा डोयानी देखं. पाचवं गाडगं भरेलच व्हतं."

जमना, मला वाटलं तो दुसऱ्याच कुणाच्या पोरीचं सांगतोय!

तुला गाठ आली नि तू दार आतून लावून घेतलंस. माझा लेक तर तुझ्याआधीच गेलेला. दाराआडून मला शपथ घातलीस, पोरीला घेऊन शेतात जा, पुन्हा इकडे फिरकू नका. मी गेले. जन्मात एकदाच सुनेचं ऐकलं, आणि तेच तीन वर्षं जिवाला टोचत राहिलं. तू पाण्यावाचून गेलीस, असंच मी धरून चालले होते गं. दर आखाजीला पितरांसोबत तुझ्या नावाची घागर काठोकाठ भरायचे, तरी ती मला उणीच वाटायची.

आणि ती गाडगी! झोपडीतून रोज एक गाडगं नाहीसं व्हायचं.

"कसं फुटनं वं?"

"हातम्हाईन पडनं."

की मी घातलाच पाठीत धपाटा. आजाऱ्याच्या दाराशी गेलेली वस्तू झोपडीत परत आणायची नाही, ही शिस्त तिला लावली कुणी? मीच! म्हणून ती भरलं गाडगं तुझ्या उंबऱ्यावर ठेवायची आणि रिकाम्या हातांनी परतायची.

पाचव्या दिवशी ती तुला हाका मारून मारून आली होती. तू दार उघडलंच नव्हतंस, गाडगं भरलेलंच राहिलं. आणि त्याच दिवशी मी तिला सगळ्यांत जास्त मारलं. ती रडत होती. मला वाटलं, मारानं रडते!

इथे गोमतीनं लेखणी खाली ठेवली. म्हणते, "हाई मी नही लिखस." मी म्हटलं, लिही. हेच तर लिहायचंय.

येताना गाडीत तिला विचारलं, "काबर सांगं नही वं मले?"

"माय म्हने, मोठीमायले सांगजो नको. ती पयत यी."

म्हणजे मी पळत येईन म्हणून दोघींनी मिळून मला फसवलंत तर! पोरीला जवळ येऊ दिलंस तरी कशी, म्हणून मी तुझ्यावर चिडणार होते. तर म्हणते, ती लिंबापाशी जाऊन उभी राहिल्यावरच तू दार उघडायचीस. बरं, मग लांबून एवढं बोलत काय होतात? आधी सांगेना. मग म्हणाली, माझ्या भाकरीचं. तीन दगडांच्या चुलीवर मोठीमाय रोज भाकर कशी करपवते, ते ती सांगायची नि तू हसायचीस.

हसायचीस? तापात? मला?

अगं, मी अशी काही रडले की गाडीवानानं बैलच थांबवले. त्याला वाटलं, म्हातारी चालली!

जमना, या आखाजीला तुझी घागर गोमती भरेल, त्या पितळी तांब्यानं. ते पाणी तिचंच आहे, मी हात लावणार नाही. तिच्यावर पुन्हा उगारणारही नाही. पुरणपोळीशेजारी मात्र एक भाकर मी ठेवीन, माझ्या हातची, चांगली करपलेली.

हसून घे.

तुझी सासू
(अंगठा माझा, अक्षर तुझ्या लेकीचं)