पान सात राहील

३ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते क्रमाने. विशेषणं वगळून.
१. दुपारी २.१०. टीव्ही मालिकांच्या तासाला माझं सादरीकरण. 'साडेसातच्या मालिकेतलं लग्न : मंडपात कोण कुठे उभं असतं.'
२. पान सात. मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात तीन बायका. पांढऱ्या साड्या. चार सेकंद, धूसर. मी म्हणाले, या लग्नासाठीच नटून आल्या होत्या. पांढरं नेसल्या म्हणून यांना मागे ढकललं.
३. सर : "हे तुला कुणी सांगितलं?"
४. मी : "शूटिंगला हजर असलेल्या एका बाईंनी."
५. सर : "नाव?"
६. मी गप्प. अकरा सेकंद. (माझी रूममेट ऋतुजा मोबाइलवर रेकॉर्ड करत होती, त्यावरून मोजले.)
७. मागच्या बाकावरून : "विधवा असतील की!" हशा.
८. सर : "स्रोत नाही, म्हणजे ऐकीव. पान सात काढून अहवाल परत दे. नाहीतर या विषयात पास करता येणार नाही."
९. मी बसले.

त्या बाई म्हणजे आई.

४ फेब्रु., बुधवार

हा विषय मी का घेतला? तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्सबाहेरचा एक विषय सक्तीचा आहे. सगळे म्हणाले, मालिका घे, झोपून पास होशील. मी झोपले नाही ही चूक.

सर शिकवतात चांगलं, हेही नोंदवायला हवं. सुरुवात त्यांनी मेक्सिको-ब्राझीलच्या मालिकांपासून, म्हणजे टेलेनोव्हेलांपासून केली. तिकडे म्हणे बऱ्याचदा मोलकरीण शेवटी मालकाचीच हरवलेली मुलगी निघते. शाहूवाडीची ऋतुजा भर वर्गात म्हणाली, "म्हंजे मान मिळायला रक्त मालकाचंच पायजे व्हय, सर?" सर हसले. तो तास आवडला होता.

आपल्याकडे तर मोलकरीण मोलकरीणच राहते. शेवटच्या भागापर्यंत ट्रे धरून.

६ फेब्रु., शुक्रवार

सरांच्या केबिनमध्ये, १५ मिनिटं. चहा मागवला. आवाज मऊ.
"हुशार आहेस. बाकीची अकरा पानं उत्तम आहेत. यात जात कशाला आणतेस? ते एक पान काढ, वर्गात पहिली येशील."

खोलीवर येऊन अहवालाच्या फाइलमध्ये 'जात' शब्द शोधला. शून्य वेळा.
तो शब्द आणला सरांनी. मी फक्त साडीचा रंग लिहिला होता.

ऋतुजा : "पल्ले, त्या बाईचं नाव सांगून टाक की. काय सरकारी गुपित हाय काय?"
मी विषय बदलला. दीड वर्ष एका खोलीत राहतो, तरी तिला मी... असो. माझ्या प्रत्येक स्लाइडवर 'पल्लवी के.' असतं. पहिल्या वर्षापासून. कुणी विचारलं तर सांगते, जागा वाचते.

८ फेब्रु., रविवार. मुरगूड

एसटीने घरी. आई अंगणवाडीचे तक्ते भरत बसली होती. आजवर तिने हे फोनवर दोन वाक्यांत सांगितलं होतं : "मागं उभं केलं आमाला. पांढरं नेसलो म्हणून." पुढचं मी माझ्या मनाने जोडलं होतं. आज नीट विचारलं.

मालिकेवाल्यांना मंडपातल्या गर्दीसाठी गावातल्या बायका हव्या होत्या. निरोप होता, लग्नाचा सीन आहे, घरच्या चांगल्या साड्या नेसून या. आई, शेवंतामावशी आणि लताकाकूंनी ट्रंकेतल्या पांढऱ्या, जरीकाठाच्या काढल्या. आमच्या बौद्ध गल्लीत लग्नाला तेच नेसतात. नवरीसुद्धा. वेगळं काही नेसावं हे तिघींच्या डोक्यातही आलं नाही.

कानाला वॉकीटॉकीचं यंत्र लावलेला शूटिंगवाला एक जण आला : "मावशी, लग्न आहे, दहावं नाही."
आई : "आमच्यात लगीन ह्यातच लागतं, पावणं."
"टीव्हीवर चालत नाही." त्याने तीन लाल साड्या आणून दिल्या.

हे मला माहीतच नव्हतं.

"मग?"
"मग काय! म्हटलो, न्हाय नेसत. हितं ऱ्हाऊ का घरला जाऊ, तेवढं सांग. गर्दी कमी पडत हुती त्येला. म्हणाला, ऱ्हावा मागं."
"म्हणजे तुम्हाला ढकललं नाही?"
"ढकलायला मी काय हातगाडी हाय?"

तो भाग लागला तेव्हा अख्खी गल्ली आमच्या घरात जमली होती म्हणे. शेवंतामावशी आईला हलवत ओरडली, "कमल, दिसली! दिसली! त्यो बघ माझा काठ!" पुन्हा लागला तेव्हा पुन्हा बघितला.
मी त्याच चार सेकंदांपुढे 'अपमान' लिहिलं होतं. मोजमाप बरोबर, निष्कर्ष चूक.

मग तिने विचारलं, "सरांनी नाव इचारलं तवा तू काय सांगितलंस?"
मी सांगितलं ते. काहीच नाही, हे.
ती तक्ता भरत राहिली. एक रकाना पुरा करून म्हणाली, "मी साडी बदलली न्हाय. आन् तू..."
वाक्य पुरं केलं नाही. भाकरी करायला उठली.

१० फेब्रु., मंगळवार

तासाला हात वर केला. सांगितलं : पान सातमध्ये एक चूक होती, दुरुस्त केली आहे. त्यांना ढकललं नव्हतं. साडी बदला म्हटल्यावर त्यांनी नकार दिला होता. स्रोत, माझी आई. पानावर तिची सही आहे. आम्ही बौद्ध. आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात. त्या विधवा नाहीत. तिघींचेही नवरे ठणठणीत आहेत.

या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या बाकाने वहीत काहीतरी शोधायला घेतलं.
सर : "बघू."
'बघू' हे कोणत्या एककात मोजतात?

संध्याकाळी ऋतुजा माझ्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होती. मग : "दीड वरीस झालं, पल्ले. मला तरी सांगायचंस." राग होता. जेवायला मात्र हाक मारली.

१२ फेब्रु., गुरुवार

सरांचा निरोप : पान न काढता अहवाल घेता येणार नाही. तोंडी निरोप. कागदावर काही नाही.
मी कागदावर दिलं. प्रत इथे उतरवते.

'मा. विभागप्रमुख,
माझ्या अहवालातील पान सात काढावे, असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. पान दुरुस्त करून, स्रोताच्या पूर्ण नावासह व तिच्या सहीसह सोबत जोडले आहे. मी ते काढणार नाही. ते ठेवल्यास मला कोणत्या नियमाने नापास केले जाईल, हे लेखी कळवावे. शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्यावे, ही विनंती.
पल्लवी कमल कांबळे'