दुपट्याचा वास

मुलुंड, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आईस दिशाचा सा. न. वि. वि.

दुपटी मिळाली. तुझ्या जुन्या अंजिरी साडीची आहेत हे बघूनच भरून आलं. पोटाशी धरली आणि मळमळलं गं! जळक्या प्लास्टिकचा वास. परत परत धुतली, तरी जात नाही. पंचायत अजून आपल्या परसामागच्या खड्ड्यात गावचा कचरा जाळते ना?

मला लहानपणापासूनचा दमा, त्यात सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही हवंय. पण बाळाचा पहिला श्वास त्या धुरात? फार भीती वाटते. हर्षद म्हणतो, इथेच राहू. फोनवर रडले असते, म्हणून लिहितेय.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझी दिशा

ता. कणकवली, ११ फेब्रुवारी

चि. सौ. दिशास अनेक आशीर्वाद.

रागावले, का नाही रागावणार? तुमच्या मुंबईत मानखुर्दकडच्या कचऱ्याच्या डोंगरावर काय अत्तर शिंपडतात? पण तुझं पत्र ऐकून बाबा उठले आणि दोरीवरचा टॉवेल हुंगत राहिले. आम्हांला वासच येत नाही गो बाय. नाकं मेली आमची! तेव्हापासून जिवात जीव नाही.

सरपंच द्रौपदीबाई म्हणतात, कचरा न्यायचा तरी कुठे? मी त्यांची पाठ सोडणार नाही. तू एवढ्यात काही ठरवू नकोस.

तुझी आई

ता. कणकवली, २ मार्च

चि. सौ. दिशास आशीर्वाद.

पंचायतीचा शिपाई कुंडलिक काडेपेटी घेऊन आला, तर मी खड्ड्याच्या काठावर पाट टाकून भाजी चिरत बसलेली. म्हटलं, आधी मला पेटव. बिचारा पळाला! मी रोज बसले. मग शेजारणीही आल्या.

शेवटी ग्रामसभेत ठरलं: ओला कचरा ज्याने त्याने माडांच्या आळ्यात जिरवायचा, प्लास्टिक गोणीत भरायचं, ते तालुक्याची गाडी नेणार. खड्डा बुजवला. गाडी वेळेवर येईल ना, हा घोर आहेच.

परसात वाळवलेलं नवं दुपटं पाठवतेय. माझ्या नाकावर माझा भरवसा नाही. तूच हुंग. धूर लागला तर येऊ नकोस, मीच मुलुंडला येईन.

तुझी आई

मुलुंड, ८ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

दुपटं मी हुंगलं, हर्षदने हुंगलं, मग शेजारच्या शुभाकाकूंनाही हुंगायला लावलं. साबण, ऊन आणि किंचित तुझ्या हातचा लसूण. धूर नाही गं आई!

पुढच्या शनिवारी येतेय. पण तालुक्याची कचऱ्याची गाडी आली नाही तर? तो पाट एवढ्यात घरात नेऊ नकोस.

तुझी दिशा