फक्त वर जाणारा जिना

३ मार्च
आलो. कसलं शहर! पाटीवर ‘महानगर’ लिहिलंय आणि पाटीखाली कुत्रं झोपलंय. मुख्य रस्त्याने चालताना बिडी पेटवली, ती विझायच्या आत शहर संपलं.

काम असं — कापडाच्या दोन मजली दुकानात आमच्या कंपनीने सरकता जिना बसवलाय. शहरातला पहिला. मी पायथ्याशी उभं राहायचं आणि घाबरेल त्याला हात धरून चढवायचं. साहेब म्हणाले, “लोक आपले आपण चढायला लागले की तुला परत बोलावतो.” त्यात काय! आठवड्यात शिकवतो सगळ्यांना. तिकडे मोठ्या शहरात खोलीतल्या जोडीदाराला, लंबूला, माझी खाट राखायला सांगून आलोय.

५ मार्च
जिना एकच, तोही फक्त वर जाणारा. दुकानाच्या शेठला विचारलं, खाली यायचं काय? म्हणतो, “खाली यायला कशाला यंत्र? माणूस आपोआप येतो खाली. मागे साधा जिना आहे की.”

आज शाळेचे मास्तर आले. यंत्र चकचकीत, मळेल म्हणून त्यांनी चपला काढल्या. मास्तरांनी काढल्या म्हणून मागच्यांनीही काढल्या! माझ्या ध्यानात येईपर्यंत माणसं वर आणि चपला खाली. मास्तर वरून ओरडतात, “ओ जिनावाले, पाठवा वर!” मग काय — एकेक जोड पायरीवर ठेवून दिला सोडून. चपला ऐटीत निघाल्या. एकही घाबरली नाही! खाली टाळ्या, वर अदलाबदलीवरून भांडण. आजपासून माझं नाव जिनावाला.

८ मार्च
इथे काही लपत नाही. काल केळी घेतली. आज दाढीला बसलो तर न्हावी म्हणतो, “कच्ची निघाली ना? तिच्याकडे घ्यायचीच नाहीत.” दिवा कधी विझला ते घरमालकाला माहीत. पोस्टमन रस्त्यात थांबवून सांगतो, “बनियन फाटलंय तुमचं.” दोरीवर पाहिलं म्हणे!

मोठ्या शहरात उघडानागडा फिरलो असतो तरी लोक एवढंच म्हणाले असते — जरा बाजूला सरका.

न्हाव्याला म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत, तिकडे मित्र लंबू माझी खाट राखून बसलाय. तुम्ही चढायला शिकलात की मी सुटलो. त्याचा वस्तरा थांबला. “आणि नाही शिकलो तर?” म्हटलं, तर सडतो इथेच. हसला. त्यात हसण्यासारखं काय?

१२ मार्च
गाडी उलटी चाललीय! परवा एकटे चढणारे आज हात पुढे करतात. मास्तर म्हणे, “मध्येच भीती बसली हो.”

सगळ्यांत कहर बटणवाली मावशी. वरच्या मजल्यावरच्या शिंप्यांना बटणं पोचवायला रोज येते. मी घसा फोडून सांगतो — पिवळ्या रेघेवर पाय नको, नजर वर, हात कठड्यावर. ती म्हणते, “मला सगळं कळतं रे. पाय ऐकत नाही. धर.” धरतो. वर पोचेपर्यंत उलटतपासणी — जेवलास का? आईचा फोन आला का? तुझ्या त्या लंबूला दुसरा मित्र नाही का?

लंबूचं हिला कोणी सांगितलं? न्हावी! आणखी कोण!

१७ मार्च
ताप. कामावर गेलो नाही. दुपारी दारात रांग. पाच माणसं, सहा औषधं. सगळी घेतली असती तर आजच आटोपलो असतो. मालकीणबाईंनी मऊ भात आणला आणि संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. डॉक्टर नाडी धरून म्हणाले, “कच्ची केळी खाल्ली होतीत ना?”

मागे मोठ्या शहरात तापलो होतो तेव्हा लंबू म्हणालेला, “उद्यापर्यंत उठशील ना? रात्रपाळीवाला खाट मागतोय.” त्याचं तरी काय चुकलं? खाटा मोजक्या.

२१ मार्च
लंबूचा फोन. “महिनाअखेरीला पक्कं सांग. नाहीतर खाट गेली.” साहेबही तेव्हाच विचारणार.

डोकं फिरलं. मास्तरांवरच ओरडलो — अहो, पोरांना शिकवता ना? मग एक पायरी चढता येत नाही? मास्तर मान खाली घालून म्हणाले, “मंद आहोत हो आम्ही.” मागे कोणीतरी खोकलं. की हसलं?

२६ मार्च
आज सुट्टी. माझ्या सुट्टीला जिना बंद ठेवतो, असं शेठने सांगितलेलं. डबा दुकानात राहिला होता म्हणून मागच्या दाराने शिरलो.

जिना चालू! मास्तर पेपर वाचत वर चाललेले. न्हावी उलटा उभा, खालच्यांशी गप्पा मारत. आणि मावशी? दोन्ही हातांत पिशव्या आणि चालत्या जिन्यावर भराभर पायऱ्या चढतेय! वर मास्तरांनाच दटावते, “सरका हो, पेपर घरी वाचा!” जिना बंद ठेवणारा शेठ गल्ल्यावर बसून मजा बघतोय.

लुच्चे! एकजात सगळे लुच्चे!

डबा न घेताच परतलो. खोलीत बसून शिव्या घालणार होतो. एकही आठवेना.

२७ मार्च
मावशी आली. हात पुढे केला. “पाय ऐकत नाही रे.”

मी त्या हाताकडे बघत राहिलो. मग धरला. म्हटलं, “नजर वर, मावशी.”

३१ मार्च
लंबूला कळवलं, खाट रात्रपाळीवाल्याला दे.

मग साहेबांचा फोन. “काय रे, शिकले का लोक?”

“कुठलं साहेब! फार मठ्ठ शहर आहे. वर्षभर तरी लागेल.”